शुक्रवारची भाषा

माझ्या नवऱ्याचा आवाज शुक्रवारी संध्याकाळी बदलतो. एरवी तो मोजकं बोलतो, तेही समोरच्याने दोन वेळा टोकल्यावर. शुक्रवारी पहिली पाळी करून आला की आंघोळ, धुतलेला शर्ट, आणि मग गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ओमानला फोन. 'केफ हालक' म्हटलं की त्याचा आवाज पोटातून यायला लागतो. खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावणारी माणसं वर बघतात. पुढची पाच मिनिटं ते दोघं एकमेकांना कसे आहात एवढंच विचारत राहतात. तू कसा, घर कसं, पोरं कशी, गुडघे कसे, तुमच्याकडे पाऊस कसा, झाडं कशी. मी आत कणीक मळत असते. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, माझे गुडघे कसे आहेत हे या माणसाने मला एकदाही विचारलेलं नाही.

मी जळते. उगाच गोड शब्द कशाला वापरू? माझ्या मैत्रिणींना वाटतं पलीकडे कोणी बाई आहे. बाई असती तर बरं झालं असतं. बाईला नावं ठेवता येतात, तिचं नाक कसं, साडी कशी यावर दोन तास काढता येतात. पलीकडे आहे सत्तरीकडे झुकलेला एक खजुराचा व्यापारी. आणि मी जळते ती त्याच्यावरही नाही, त्या भाषेवर. तिच्यात माझा नवरा मांडीवर थाप मारून हसतो, आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

नवरा शीतगृहांची यंत्रं बघतो. आधी कळमेश्वरच्या एका कारखान्यात होता, मग ओमानला गेला. मस्कतला नाही, पार आत, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात. तिथे खजुराचं मोठं कोल्ड स्टोरेज होतं. बारा वर्षं तिथे काढून तो चार वर्षांपूर्वी परत आला आणि इथे नागपुरात, मिहानमधल्या एका प्लांटवर लागला. फोनवरचे गृहस्थ म्हणजे त्या कोल्ड स्टोरेजचे मालक. मी त्यांना मनातल्या मनात खजूरवाले म्हणते. तोंडावर काही म्हणायची वेळ तेव्हा आली नव्हती.

तिकडून येताना त्याने खजुराचे डबे आणले, लांब चोचीची पितळी कॉफीदाणी आणली आणि तीन सवयी आणल्या. पहिली, चहा पिऊन झाला की रिकामा कप हातात धरून दोनदा हलवायचा. तिकडे म्हणे कप हलवला नाही तर यजमान ओततच राहतो. दुसरी, काहीही विचारलं की 'खैर', म्हणजे सगळं बरं. प्लांटवर काय चाललंय? खैर. साहेब काय म्हणाले? सगळं खैर. तिसरी सवय मला सगळ्यात जास्त खटकते. तो एकच गोष्ट दोनदा विचारतो.

ही तिसरी तिथे असतानाच लागली होती. फोन आला की पहिलं वाक्य, 'काय खबर?' मी म्हणायची, सगळं ठीक. मग तिथलं ऊन, इथलं ऊन, पोरीची शाळा, कूलरची टाकी असं इकडचं तिकडचं. फोन ठेवता ठेवता पुन्हा, 'आता सांग. काय खबर?' मी म्हणायची, सांगितलं ना एकदा, सगळं ठीक, फोनचं कार्ड संपेल, ठेवा आता. तो ठेवायचा. परत आल्यावरही तेच. घरात शिरताना एकदा विचारतो, चहा झाल्यावर पुन्हा एकदा. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर पोरांना तेच तेच सांगून घसा बसलेला असतो, आणि घरी आल्यावर हा मोठा विद्यार्थी.

मराठीचंही सांगायला हवं. मी कळमेश्वरकडचीच. मले, तुले, काहून, कायले यांच्यातच वाढले. बी.एड.ला पुण्यात होते तेव्हा वसतिगृहातल्या मुली मला मुद्दाम बोलायला लावायच्या. एकीने तर माझं 'काहून' जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना करून दाखवलं होतं. वर्षभरात मी माझी बोली अशी घासून काढली की करपलेलं पातेलंही कोणी इतकं घासत नसेल. आता शाळेत लाल पेनने मले-चं मला करते. नवऱ्याने मात्र आपली बोली तशीच ठेवली. तो माझ्याशी नागपुरीत बोलतो, मी त्याला पुस्तकातल्या मराठीत उत्तर देते. तो म्हणतो, 'तू बोलून राहिली का बातम्या वाचून राहिली?' मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते.

मागच्या मे महिन्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागला. नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण बाह्या! विचारलं तर म्हणाला, प्लांटवर थंडी असते. मीही मान डोलावली. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी त्याने व्हिडिओ कॉल केला होता. मी पाण्याचा ग्लास घेऊन गॅलरीच्या दारात आले. तर माझ्या नवऱ्याने डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली, आणि भाजून लाल झालेला हात तो मोबाइलसमोर असा फिरवत होता की डॉक्टरसमोरही कोणी फिरवणार नाही. पलीकडून खजूरवाल्यांचा आवाज येत होता, हळू आणि लांबलचक, लहान मुलाच्या गुडघ्याला फुंकर घालताना येतो तसा.

अमोनियाच्या पाइपातून गळती झाली होती. चार दिवस झाले होते. मला चौथ्या दिवशी कळलं, तेही दारातून. खजूरवाल्यांना हजार मैलांवर बसून माझ्याआधी कळलं होतं. मी ग्लास टेबलावर आपटला. थोडं पाणी सांडलं. तो आत आल्यावर म्हणाला, 'काही नाही वं. खैर हाय.' माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या रात्री जेवलेही नाही.

दिवाळीच्या सुमाराला गॅलरीतल्या त्या बोलण्यात एक ओळखीचा शब्द ऐकू यायला लागला. 'विजा'. आधी एकदा, पुढच्या शुक्रवारी तीनदा. व्हिसा कळायला अरबी येण्याची गरज नाही. बारा वर्षं एकटीने घर चालवलेल्या बाईला तर तो शब्द झोपेतही ऐकू येतो. मी विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, काही नाही, सगळं खैर. तेव्हा मी ठरवलं. हा सांगत नसेल तर आपण त्याचं कुलूपच उघडायचं. अरबी शिकायची.

मोमिनपुऱ्यात एक निवृत्त शिक्षिका घरी अरबी शिकवतात. साठीच्या पुढच्या, चष्मा साखळीला, आणि खडू हातात नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी. बाकी विद्यार्थी कुराण वाचायला येणारी मुलं-मुली होती. मॅडमनी मला कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दर रविवारी सकाळी मी त्या पोरांच्या रांगेत बसून अलिफ, बे गिरवले. हवा, खबर, किताब, दुकान, मालक हे सगळे आपल्याकडे आलेले शब्द तिथे भेटले की बरं वाटायचं. अक्षरं जुळायला लागली, छोटी वाक्यं वाचता यायला लागली. आणि शुक्रवारी दाराआड कान टवकारून उभी राहिले की काहीही कळायचं नाही.

मग मी आवाज पाठ करायला लागले. फोनवर ऐकलेले चार-पाच शब्द मनात घोळवत ठेवायचे आणि रविवारी मॅडमच्या पुढ्यात टाकायचे. पुस्तकात डोंगराला जबल आहे, हे लोक गबल म्हणतात, काहून? 'काहून' तोंडातून निघून गेलं आणि माझी मीच चपापले. मॅडमही नागपूरच्याच पाण्यावर वाढलेल्या, त्यांना काही वाटलं नाही. पुस्तकात कोंबडी दजाज, यांची दिगाग. पुस्तकात 'काय' याला माज़ा, यांचं नुसतं मो. बाईला कशी आहेस विचारायचं तर पुस्तकात शेवटी 'कि' येतो, हे लोक 'श' लावतात, हालिश.

मॅडम चष्मा काढून हसल्या. म्हणाल्या, 'बेटा, ये तो उमानी है. वो भी अंदर के गाँवों की.' त्यांचे यजमान तरुणपणी मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे त्यांच्या कानाला ओळख होती. त्यांनी मला समजावून सांगितलं. तिकडच्या वाळवंटातले आणि समुद्रकाठचे लोक क़हवाचा, म्हणजे कॉफीचा, गहवा करतात, पण डोंगरातले ओमानी तो क़ घशाच्या तळातून अगदी जुन्यासारखा काढतात. उलट 'ज' मात्र त्यांनी 'ग' करून टाकला. बायकांच्या घोळक्याशी बोलायचं तर क्रियापदाचं वेगळं रूप आहे, शहरातल्या अरबीने ते कधीच सोडून दिलं, या डोंगरवाल्यांनी जपून ठेवलं. 'नाही' म्हणायला मा शै. आणि समुद्रातून सतत आपल्याकडे ये-जा, म्हणून सरळ जा म्हणायला सीदा, पंख्याला बंका, पायातल्याला जूती.

मी घरी येताना ऑटोत विचार करत होते. म्हणजे ही अरबीची नागपुरी झाली. पुस्तकवाल्यांनी हसायचं आणि बोलणाऱ्यांनी पोटातून हसायचं. तिच्यात हिंदीचे शब्दही आपल्याच घरासारखे पाय पसरून बसलेत. माझ्या हातात लाल पेन दिला असता तर नवऱ्याची निम्मी वाक्यं मी कापली असती. आणि हा माणूस परक्या मुलखात गेला तर तिथेही त्याने बरोबर पारावरची भाषाच शोधून काढली. त्या भाषेत पंखा राहतो, जूती राहते, फक्त मला जागा नाही. एवढी अक्कल आल्यावर माझा जळफळाट कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

एकदा सकाळी नाश्त्याला मी हिंमत केली. पोह्यांची बशी पुढे ठेवत पुस्तकातलं एक शुद्ध वाक्य म्हटलं. आज बातमी काय आहे, एवढंच. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग त्याला असं हसू फुटलं की पोह्यातला दाणा त्याच्या नाकात गेला. म्हणाला, 'अरबीत बी बातम्याच वाचून राहिली काय वं तू?' मग नाक पुसत पुसत हेही म्हणाला, 'शुक्रवारी बस ना माह्याजवळ. शिकवतो तुले.' पण हसल्यानंतरचं आमंत्रण मी घेत नाही. बशी उचलली आणि शाळेत निघून गेले.

जानेवारीत खजूरवाले स्वतःच नागपुरात आले. दोन्ही गुडघे बदलायचे होते, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वेळ घेऊन दिली होती. त्यांची बायकोही सोबत होती. नवऱ्याने पंधरा दिवसांची रजा टाकली. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा याला अर्धा दिवस मिळाला नव्हता. विमानतळावर आणायला हाच, खोली बघायला हाच, रक्ताच्या तपासणीला हात धरून नेणारा हाच. मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्याने ऐकलं नाही, कारण तो दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा आहे का ते फोनवर विचारत होता.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले. खजूरवाले पांढऱ्या पायघोळ अंगरख्यात, डोक्यावर भरतकामाची गोल टोपी. गुडघे दुखत असूनही जिना चढून आले, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. सोसायटीतल्या अर्ध्या खिडक्यांत माणसं होती. मी भातात डाळीचे गोळे शिजवून गोळाभात केला होता, वरून हिंग-मोहरीची फोडणी, आणि चिंचेचं सार. मनातून वाटत होतं, यांना तिखट लागावं.

दिवाणखान्यात पुरुष बसले, आणि त्यांची बायको सरळ माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. तिथून दिवाणखाना दिसतो. मी पाहत होते. पाच मिनिटांचं ते कसे आहात, कसे आहात सुरू झालं, जणू सकाळी दवाखान्यात हे दोघं भेटलेच नव्हते. मग खजूरवाल्यांनी थोडं ताठ बसून, कोर्टात विचारावं तसं विचारलं, 'शै उलूम?' नवराही ताठ झाला. 'मा शै. खैर.' उलूम म्हणजे बातम्या, हे मला मॅडमकडून माहीत होतं. काही बातमी? नाही, सगळं खैर. मला आतल्या आत गारच वाटलं. चला, यांनाही खैरच मिळतं.

ते समाधान जेवण होईपर्यंतच टिकलं. जेवणं झाली, खजूर फिरले, पितळी कॉफीदाणीतून कॉफी झाली. कप हलले. मग खजूरवाल्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी ताठ न बसता, पुढे झुकून, हळू. आणि माझा नवरा बोलायला लागला. थांबेचना. डोळे पुसत होता, मध्येच हसत होता, हाताने काहीतरी मोठं बांधल्यासारखं दाखवत होता. दोनदा त्याने मान वळवून माझ्या दिशेने पाहिलं. व्हिसा, व्हिसा, आणि एकदा माझं नाव.

माझ्या हातातलं पातेलं मी सिंकमध्ये असं टाकलं की खजूरवाल्यांची बायको दचकली. तिला हिंदी येत होती. गावात किराणा मल्याळी माणसाचा, शिंपी पेशावरचा आणि घरात हिंदी मालिका, त्यामुळे हिंदी तिला सवयीची. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दिवाणखान्याकडे.

'गुस्सा?' तिने विचारलं.

मी म्हटलं, 'मुझे कुछ नहीं बताते. पूछो तो खैर. आपके आदमी को सब बताते हैं.'

'पहला पूछो तो खैर ही बोलेगा,' ती म्हणाली. 'हमारे यहाँ सब ऐसा बोलता है. घर में मौत हुआ, तो भी दरवाज़े पर खैर बोलता है. दरवाज़े पर दुख बोलना ऐब है. उसको बिठाओ, क़हवा दो, खजूर दो. पेट में कुछ गया, फिर पूछो. तब असली बात आता है.' तिने ओल्या हाताने हवेतच दोन बोटं दाखवली. 'एक बार तो दुकानदार भी पूछता है.'

'और कोई दूसरी बार न पूछे तो?'

तिने खांदे उडवले. 'तो वो समझेगा, इसको सुनना नहीं है.'

मी नळ बंद केला. ती पुढे सांगत होती. पहिल्या वर्षी माझा नवरा दुसऱ्यांदा विचारलं की रडायचा, पोरीच्या आठवणीने, आणि खजूरवाले त्याला घेऊन बागेत चक्कर मारायचे. पुढे तो शिकला. मग तोच सगळ्यांना दुसऱ्यांदा विचारायला लागला, कामावरच्या बंगाली पोरांनाही. मला तिचं अर्धंच ऐकू येत होतं, कानात ते जुने फोन वाजत होते. 'आता सांग. काय खबर?' 'सांगितलं ना एकदा. कार्ड संपेल. ठेवा.' पोरीला डेंग्यू झाला होता तेव्हाही मी दोन्ही वेळा सगळं ठीकच म्हटलं होतं. माझ्या आईला अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हाही.

यामुळे मी शहाणी झाले, असं कोणाला वाटेल. नाही झाले. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या नवऱ्याला बारा वर्षं दुसऱ्यांदा विचारायचं काम या बाईच्या घरी झालं. त्याचं रडं तिने पाहिलंय, मी नाही. मी तिला डब्यात गोळे भरून दिले, वर फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत दिलं, हसून निरोप दिला, आणि दार लावल्यावर कितीतरी वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. फेब्रुवारीच्या शेवटी दोघं काठ्या टेकत विमानात बसले. त्यानंतरच्या शुक्रवारी नवरा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गॅलरीकडे निघाला तेव्हा मी त्याच्या वाटेत खुर्ची ओढून बसले.

'काय खबर?' मी म्हटलं.

'काही नाही वं. खैर.'

'बसा.'

मी चहा आणला. सोबत खजूरवाल्यांनी आणलेल्या डब्यातले खजूर, बिया काढून. त्याने एक खाल्ला, चहा प्यायला, सवयीने कप हलवला. मी कप हातातून घेतला.

'आता सांगा,' मी म्हटलं. 'काय खबर आहे?'

तो माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला की मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, 'ते नवीन कोल्ड स्टोरेज बांधून राहिले. मोठं. दोन वर्षांसाठी ये म्हणते. विजा तयार हाय.'

'तुम्ही काय म्हणालात?'

'घरी विचारतो म्हटलं.'

'मग विचारलं का नाही?'

'विचारलं ना वं. विजाचं तू आयकलं हे मले माहीत होतं. दिवाळीपासून विचारून राहिलो. आल्यावर विचारतो, चहा झाल्यावर विचारतो. तू दोन्ही डाव सगळं ठीक म्हणते. मले वाटे, हिले काही फरक नाही पडत.'

गॅलरीत कोणाचा तरी टॉवेल वरून खाली पडला. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

'जायचंय तुम्हाला?'

'वाटते,' तो म्हणाला. खोटं नाही बोलला. मग त्याने किटली उचलली, माझा कप भरला. 'तुही काय खबर?'

'काही नाही. सगळं ठीक.' जिभेला सवय झालेली असते.

त्याने खजुराची वाटी माझ्याकडे सरकवली. मी एक खाल्ला. चहा अर्धा प्यायले. तो घड्याळाकडे पाहत नव्हता, फोनकडेही नाही. शुक्रवारचे साडेपाच वाजून गेले होते.

'आता सांग,' तो म्हणाला. 'काय खबर?'

'मले जलन होते,' मी म्हटलं. तोंडातून मलेच निघालं, इतक्या वर्षांनी, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. 'तुम्ही त्या लोकाईसंग हासता तसे घरी नाही हासत. हात भाजला तर त्यायले दाखवता. मले बारा वर्षं एकटी राहून कंटाळा आला. आता नोका जाऊ.'

त्याने बातम्या वाचण्याची चेष्टा काढली नाही. नुसती मान हलवली, फोन घेतला आणि गॅलरीत न जाता तिथेच माझ्यासमोर बसून नंबर लावला. पाच मिनिटं कसे आहात, गुडघे कसे, झाडं कशी. मग शै उलूम, मा शै, खैर. मी वाट पाहत बसले. मला आता घाई नव्हती. बऱ्याच वेळाने पलीकडून दुसऱ्यांदा विचारलं गेलं, तोच हळू, पुढे झुकलेला आवाज. नवऱ्याने एक श्वास घेतला आणि जे बोलला त्यातला मला एकच शब्द कळला. मा. नाही. तेवढा एक शब्द पुस्तकातही आणि डोंगरातही सारखाच आहे.

 माझ्या नवऱ्याचे डोळे भरलेले. ते नाही म्हणायला त्याला जितका वेळ लागला, तितका मला पाहायला आला होता तेव्हा हो म्हणायलाही लागला नव्हता. त्यावरही मी जळले. मग खजूरवाले काहीतरी लांबलचक बोलले, हा फक्त 'ज़ेन, ज़ेन', बरं, बरं, म्हणत राहिला, आणि फोन बंद झाला.

'काय म्हणाले?' मी विचारलं.

'काही नाही,' तो म्हणाला. 'खैर.'

मी उठले आणि पुन्हा दोन कप चहा टाकला.